लुंग खामचं पाणी

माझी शेवटची पोस्टिंग मणिपूर सीमेवर होती. पोस्ट लहान, आम्ही सव्वीस जण. समोर ओढा, ओढ्यापलीकडे म्यानमार, आणि तिथून पाऊण किलोमीटरवर शान लोकांचं गाव. आता नेरूळच्या आमच्या सोसायटीत लोक विचारतात, "सुभेदार, कुठली लढाई लढलात?" मी सांगतो, लढाई नाही, ओढा सांभाळला. त्यांना ते पटत नाही आणि मीही ताणत नाही.

काम ठरलेलं. पहाटे ५.०० ला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज, ७.०० ला पॅट्रोल, संध्याकाळी ६.०० ला रेडिओवर रिपोर्ट. बाजारच्या दिवशी पलीकडून लुंग खाम यायचा. लुंग म्हणजे काका. वय सत्तरीचं, पाठीला टोपली, टोपलीत सोयाबीनच्या आंबवून वाळवलेल्या चकत्या. त्यांच्या वासाने आमचा कुक नाक धरायचा, पण डाळीत एक चकती पडली की तोच दोनदा वाढून घ्यायचा.

चहा पिताना म्हातारा मोडक्या हिंदीत बोलायचा. "शान नाम बर्मा ने दिया. हम ताय." त्यांचे स्वतःचे राजे होते, डोंगराडोंगरांत राज्यं होती. इंग्रज जायच्या वेळी ती बर्मात सामील झाली, दहा वर्षांनी वाटलं तर वेगळं होता येईल या अटीवर. "दस साल हुआ. हमने पूछा. फौज आया." त्याच्या बापाला एक गाव सोडावं लागलं, त्याला दोन. शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्यातलीच माणसं थोडं उत्तरेकडून डोंगर ओलांडून आसामात उतरली आणि राज्य करून गेली, हे सांगताना मात्र तो ताठ बसायचा. "तब हाथी लेके आया. अब गठरी लेके."

पलीकडे फौजेने पुन्हा सत्ता घेतली, त्यानंतरच्या थंडीतली ही गोष्ट. सकाळी ६.१० ला गावाच्या दिशेने स्फोट ऐकू आले. ६.३५ ला लुंग खाम चाळीसेक माणसं घेऊन ओढ्याच्या पलीकडच्या काठावर आला. बायका, पोरं, म्हातारी. तो सगळ्यांच्या पुढे हात जोडून उभा राहिला.

नाईक संपत जाधव माझ्या शेजारी होता. वाईकडचा गडी, माझ्याच जिल्ह्यातला.

"सायेब, आणू का त्यांस्नी? वढा गुडघाभर बी न्हाई."

"ऑर्डर येऊ दे."

मी रेडिओवर कंपनी हेडक्वार्टरला कळवलं. उत्तर आलं, "वेट आऊट." म्हणजे थांबा, नंतर कळवतो. पुन्हा विचारलं. "वेट आऊट." ७.१५ ला ऑर्डर आली. "तपासून येऊ द्या. ओव्हर."

७.२५ पर्यंत लुंग खाम सोडून सगळे अलीकडे आले. शेवटचं माणूस पोचल्यावर लुंग खाम तिकडेच उकिडवा बसला आणि बांबूच्या नळीतून जमिनीवर थेंब थेंब पाणी सोडू लागला. त्याची सून माझ्याजवळ होती. तिने सांगितलं, सकाळी गावात दोघं मेले. त्यांना पुण्य पोचवायचं तर पाणी त्यांच्याच मातीत सोडायचं आणि मध्येच थांबायचं नाही.

मी ओरडलो, "जल्दी करो!" त्याने मान वर केली नाही.

"म्या आणतो उचलून," म्हणत जाधव ओढ्यात उतरला. मी अडवलं नाही. तो म्हाताऱ्यापाशी पोचला, पण त्याने त्याला उचललं नाही. शेजारी गुडघा टेकून थांबला. ७.३१ ला मॉर्टरचा बॉम्ब त्या काठावर पडला. कुणी डागला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोघेही जागीच गेले.

सहा मिनिटं. त्या पाण्यापायी माझा माणूस गेला, हे मी डोक्यात घट्ट धरून बसलो. चौकशीत तेच सांगितलं. जाधवच्या बायकोलाही तेच सांगितलं.

रिटायर झाल्यावर नेरूळच्या घरात एकदा मुलीसाठी हा प्रसंग लिहायला बसलो. वेळा एकाखाली एक मांडल्या. ६.३५. ७.१५. पेन थांबलं. म्हाताऱ्याच्या सहा मिनिटांचा राग मी इतकी वर्षं बाळगला, आणि माझी चाळीस मिनिटं मला कुणी विचारली नव्हती. ऑर्डरची वाट पाहणं नियमाला धरून होतं. तरी ती चाळीस मिनिटं माझीच होती. मला लाज वाटली.

त्याच आठवड्यात वाईला जाधवच्या घरी गेलो आणि वहिनींना सगळं खरं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजी आमच्या ह्यांनी म्हाताऱ्याचं पाणी मधीच तोडलं न्हाई."

आता दर वर्षी त्या दिवशी सकाळी ७.२५ ला मी सोसायटीतल्या बदामाखाली बसून बाटलीतून थेंब थेंब पाणी सोडतो. यंदा माळी बाळाराम पाइप घेऊन तिथेच होता. आमच्या बिल्डिंगच्या जागी त्याच्या आजाचं शेत होतं.

"पानी घालाला मी हाय ना, सुभेदार. तुमी कशाला?"

"हे झाडाला नाही, बाळाराम. नाईक संपत जाधवला आहे. लुंग खामला आहे."

त्याने कोण, कुठले, काही विचारलं नाही. नळ बंद केला, चपला काढल्या आणि माझी बाटली रिकामी होईपर्यंत उभा राहिला.