तांब्यावरचे पेले आणि जर्मन गाणं

ही गोष्ट सांगायचं मी फार वर्षं टाळलं. लातूरला सांगितली नाही, कारण तिथं आमच्या अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, ओळखणारे होते. इकडं जर्मनीत सांगितली नाही, कारण उपड्या तांब्यावर पेले कशासाठी रचतात हे इकडं कुणाला कळलं नसतं. आता मी म्हातारा झालो. मागं राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांसाठी लिहून ठेवतो.

मी कायमचा निघालो तेव्हा अव्वा स्टँडवर आली नाही. तिला काठीशिवाय दोन पावलं टाकता येत नव्हती. घरातच तिनं माझ्या कपाळाला विभूती लावली आणि म्हणाली, "जा. आता ते धडधडणं पोटभर ऐक." गाडी फलाटाला लागली तेव्हा बालाजी आला. हा हदगावकडचा पोरगा, क्लाससाठी आमच्या मागच्या खोलीत राहायचा. त्याला आम्ही घालवून दिलं होतं. त्यानं खिशातून एक कॅसेट काढली. "काका, सामानात माझ्या पेटीत आली व्हती. तुमची हाय." मी ती घेतली आणि गाडीत चढलो.

ती कॅसेट मला उवेनं दिली होती. एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यानं जर्मन प्रेस मशीन घेतली, ती शिकायला मला काही महिने तिकडं पाठवलं होतं. उवे माझ्या शेजारच्या मशीनवर. जेवणाच्या सुट्टीत त्याचा टेप चालायचा. पहिल्यांदा वाटलं, मशीन बंद करायची राहिली. प्रेस पडावी तसा ढोल, पत्रा कापावा तशी गिटार, आणि त्याखाली लग्नाच्या बँडलाही जमेल अशी सरळ नाचाची चाल. गाणारा प्रत्येक शब्द चावून टाकायचा. शब्द कळत नव्हते, पण पाय हलत होता.

लोक म्हणतात ही रागाची गाणी. मला तसं कधी वाटलं नाही. राग आलेल्या माणसाचा ताल चुकतो, यांचा चुकत नाही. सगळे एकदम थांबतात, क्षणभर काहीच नसतं, आणि पुन्हा सगळे एकदम पडतात. मला ते थांबणं आवडतं. दिवसभर मशीनवर उभं राहिलेल्यालाच ते थांबणं नीट कळतं, असं माझं मत आहे. हल्ली याच वळणाचे नवे बँड इंग्रजीत गातात, आवाज घासूनपुसून गुळगुळीत करतात. ते मला अळणी लागतात. हे गाणं थोडं गंजलेलं हवं.

लातूरला परतलो तो कॅसेटी घेऊनच. पण भूकंपाला काही वर्षंच झाली होती. माझी मावशी त्यात गेली होती. तेव्हापासून अव्वा तांब्या उपडा ठेवून त्यावर पितळी पेले रचायची. पेले पडले की बाहेर पळायचं. गल्लीत बऱ्याच घरी असं होतं. मी पहिल्यांदा कॅसेट लावली आणि पेले किणकिणले. अव्वा पांढरीफटक पडली. म्हणाली, "ह्या घरात हे न्हाई." गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन मला शपथ घ्यायला लावली. मी घेतली.

तोवर शहरभर क्लास निघाले होते आणि ज्याच्या घरात मोकळी खोली, त्याच्याकडं एक पोरगा असं झालं होतं. आमच्याकडं बालाजी आला. अव्वा त्याला जेवायला वाढायची आणि चिडवायची, "डाक्टर, भाकरी मोजून खाऊ नको." माझा टेप मी त्याच्या खोलीत ठेवला. तो वाचत नसला की आम्ही अगदी बारीक आवाजात ऐकायचो. तो म्हणायचा, "काका, हे गाणं म्हंजे ऊसतोडीच्या ट्रॅक्टरला चढलेली दारू." पण आवाज वाढवू द्यायचा नाही. "आज्जी हाय," म्हणायचा.

एका दुपारी बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती, बालाजी क्लासला होता आणि अव्वा पुढच्या खोलीत आडवी झाली होती. मी पाळीवरून लवकर आलो. जर्मनीला कायमचं बोलावल्याचं त्याच दिवशी कळलं होतं. मागच्या दारानं त्याच्या खोलीत शिरलो आणि एकदाच, फक्त एकदाच, पुरता आवाज सोडला. वरचे पत्रे थरथरले. पुढं पेले पडले. मग अव्वाची हाक आली, आणि ती पायरीवरून पडल्याचा आवाज.

मी टेप बंद केला, मागच्या दारानं निघालो आणि गल्लीला वळसा घालून पुढून आलो, जसा कामावरून येतोय. तेवढ्यात बालाजी क्लासहून परतून खोलीत दप्तर ठेवत होता. आवाज ऐकून धावत आलेल्या लोकांनी त्याला टेपजवळ धरलं. तो एकदाच म्हणाला, "म्या न्हाई लावलं." मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी अव्वाला उचलत होतो. लिंगावर घेतलेली शपथ मोडली हे अव्वाला कळलं असतं, तर तिनं मला जाऊ दिलं नसतं. मी तिला उचलून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील हदगावहून आले. अव्वाच्या खाटेपाशी खाली बसले, डोक्यावरचा पटका काढून तिच्या पायाशी ठेवला. म्हणाले, "माय, लेकराची चूक पोटात घाला." मी तिथंच उभा होतो. पटका उचलून त्यांच्या हातात मीच दिला. परीक्षा तोंडावर आली असताना बालाजी पेटी घेऊन गेला. त्या वर्षी त्याचं डॉक्टरकीचं हुकलं, आणि पुढं कधी झालं नाही.

अव्वाची काठी मरेपर्यंत सुटली नाही. मी इकडं प्रेसवर राबलो, मुलगी जर्मन बोलत मोठी झाली. ज्या गाण्यांसाठी शपथ मोडली ती मैदानात उभं राहून ऐकली. स्टेजवर आगीचे लोळ उठतात, शेजारी पांढऱ्या दाढीचे लोक उड्या मारतात. पण खालचा सूर छातीत घुमला की मी आधी दार कुठं आहे ते बघतो. लातूर माझ्यात एवढं उरलंय.

मागच्या खेपेला हदगावला गेलो. बालाजीचं औषधांचं दुकान आहे, मागं घर. वडील नाहीत. तो उठून पाया पडला, त्यानं चहा मागवला, बायकोला सांगितलं, "हे लातूरचे काका." मग हसत म्हणाला, "काका, ते ट्रॅक्टरचं गाणं हाय का अजून?" मी फोनवर लावलं. पहिला ढोल पडला आणि त्यानं हात पुढं करून आवाज कमी केला. "आत माय झोपलीय," म्हणाला.

तेव्हाच बोलायचं होतं. मी म्हणालो, चहा छान झालाय.

घर म्हणजे काय, असं मुलगी कधीकधी विचारते. जिथं कुणासाठी तरी आवाज कमी करावा लागतो ते घर, एवढं मला आता कळतं. बालाजीला ते त्या वयात कळत होतं. गल्लीतलं कुणी हे वाचत असेल, तर ऐका, आणि बालाजी, तुझ्या वडिलांच्या पटक्यासाठी तूही ऐक: त्या दुपारी गाणं मी लावलं होतं. मला माफ कर.