तुळजाने मोजलेली होळी

राहनाळच्या तुळजाची शाळा आठवीत सुटली ती गणितापायी. पुढं लग्न झालं, मुलगी झाली, मग गोदामात पॅकिंगचं काम लागलं. लेक दिपिका दहावीला गेली आणि तिने आईच्या मोबाइलमध्ये अभ्यासाचं अ‍ॅप घातलं, तेव्हा तुळजा आधी लांबच राहिली. पण भाकऱ्या थापताना कान मात्र तिकडेच. मोबाइलमधली बाई मराठीत समजावायची, चुकलं तर न चिडता पुन्हा सांगायची.

"परत लाव गं," एक दिवस तुळजाच म्हणाली. "तो त्रिकोण माझ्या हातून निसटला."

तेव्हापासून मायलेकी एकत्र बसू लागल्या. गोदामात जेवणाच्या सुट्टीतही तुळजा घास घेता घेता उदाहरणं सोडवी. उत्तर बरोबर आलं की मोबाइल टाळ्या वाजवी आणि शेजारी जेवायला बसलेली मेघाली, काही न कळताही, त्यात आपल्या टाळ्या मिसळी.

दिपिकाची परीक्षा चालू असतानाच शिमगा आला. वरच्या आळीने आणि खालच्या आळीने उंच झाडाचं खोड रोवून आपापली होळी उभी केली, आणि दरवर्षीसारखी जुंपली.

"आमचीच उंच हाय!" तुळजाच्या खालच्या आळीतले दाजी गरजले.

"डोळं तपासून घ्या, दाजी!" वरच्या आळीचा राघो.

तुळजा पुढं झाली. "थांबा. मी मोजते."

"शेंड्यावर चढशील काय?"

"चढायला न्हाय लागत, दाजी."

अ‍ॅपमध्ये कोन मोजायची सोय होती. मोबाइल शेंड्याकडे रोखून ती मागे मागे सरकत गेली. पंचेचाळीसचा आकडा दिसताच थांबली. दिपिकाने बुंध्यापासून आईच्या पायापर्यंत टेप धरली.

"पंचेचाळीसच्या कोनात जेवढं अंतर तेवढीच उंची, आणि वर माझ्या डोळ्यांपर्यंतची उंची मिळवायची," तुळजा म्हणाली. "झाली आपली होळी मोजून!"

मग सगळी वरात वरच्या आळीत. तिथेही तिने तसंच मोजलं. आकडा बघून तिने पुन्हा एकदा मोजलं, मग हसलीच.

"वरच्या आळीची हातभर उंच हाय."

"अगं, तू आमची का त्यांची?" दाजी ओरडले.

"मी आज त्रिकोणाची!"

हशा पिकला. राघोची बायको सीताबाई हिने पहिली पुरणपोळी तुळजाच्याच हातावर ठेवली. दाजींचा राग तर केव्हाच पळाला होता. त्यांनी तिला ओढून नेऊन घरामागचा माड मोजून घेतला, मग देवळाचा कळसही.

घरी येताना तुळजा लेकीला म्हणाली, "पुढच्या साली मी पण बसते दहावीला."

बसली, आणि पास झाली. गणितात दिपिकापेक्षा दोन मार्क जास्त! दिपिका क्षणभर फुगली, मग पेढे घेऊन सुटली. तुळजा ड्युटीवरून परत येईपर्यंत निम्म्या राहनाळचं तोंड गोड झालं होतं.