शिर्केकाकांचा एकच शब्द

शिर्केकाकांनी मला तीन महिन्यांत एकच इंग्रजी शब्द शिकवला. परदेशात नर्सची नोकरी हवी तर इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते आणि मी बोलण्याच्या भागात दोनदा आपटले होते. परीक्षक समोर आला की माझी दातखीळ बसायची. तिसऱ्या वेळी, बडोद्याच्या निजामपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांकडे शिकवणी धरली. काय बुद्धी झाली देव जाणे!

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सेट म्हणजे काय?"

"संच," मी म्हटलं.

"अने बीजूं? आणखी काय?"

काकांनी कोरी वही काढली. त्यांचा नियम एकच: "पाहिलेलं लिही, ऐकलेलं नको." आधी डोळ्यांनी पाहायचं, मग त्यांना इंग्रजीत सांगायचं, तेव्हा कुठे अर्थ वहीत चढायचा. दही लावलं की ते सेट होतंय का, हे मी भांड्यापाशी बसून पाहायचं. सोनार अंगठीत खडा बसवताना पाहायचा. गच्चीवरून सूर्य मावळताना पाहायचा. एकदा तर शहराच्या वासणा भागात कुणाच्या तरी बंगल्याचा स्लॅब घट्ट होताना पाहत आम्ही उन्हात उभे! गवंडी हसत होते.

"काका, परीक्षा आठ दिवसांवर आलीय!"

"उतावळ नको, दीकरा. ओला आहे अजून."

वर शब्दाची वंशावळ. बसवण्याचा सेट जुन्या इंग्रजांचा घरचा आणि संचाचा सेट लॅटिनमधून फ्रेंचांकडे राहून आलेला, हे मला निदान वीसदा ऐकावं लागलं. "आडनाव एक, कुळं दोन. सगळे शिर्के तरी कुठे एका घरातले?" असं म्हणून ते खूश व्हायचे. मी मात्र मनातल्या मनात दात-ओठ खायची.

परीक्षेला चार दिवस उरले असताना काका जिन्यात पडले. मनगट मोडलं. माझ्याच हॉस्पिटलात डॉक्टर हाड बसवत होते, म्हणजे तोही सेटच, काका वेदनेनं पांढरेफटक, आणि मला म्हणतात, "बघत काय बसलीस? बोल ने!" मी इतकी चिडले, इतकी घाबरले, की रडत रडत समोरचं सगळं इंग्रजीत सांगत सुटले. मला वेड लागल्यासारखे डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले.

परीक्षकानं अलीकडे पाहिलेला एखादा प्रसंग सांगायला सांगितलं. मी मनगट सांगितलं. शेवटी त्यालाच मला थांबवावं लागलं. मी पास झाले.

परदेशी निघताना काकांनी वहीतलं सूर्यास्ताचं पान दाखवलं. अर्धंच भरलेलं. "बडोद्याचा झाला. तिकडचा पाहून सांग, मग लिहू." मग दर रविवारी फोन: "पाहिलास?" ड्युटी, थंडी, कंटाळा. एकदा वैतागून मी म्हटलं, "हो, पाहिला."

"रंग सांग."

मला सांगता येईना. "आवते रविवारे," काका एवढंच म्हणाले.

तो रविवार आलाच नाही. काका गेल्यावर महिन्याभरानं त्यांच्या पुतणीनं वही पाठवली. सूर्यास्ताचं पान अजून अर्धंच होतं. इथे उन्हाळ्यात जेवणं उरकली तरी सूर्य ढळत नाही. त्या संध्याकाळी मी वही घेऊन बाल्कनीत उभी राहिले आणि एकटीच, मोठ्यानं, इंग्रजीत रंग सांगत राहिले.