शेजारच्या खाटेला सांगितलेली सुवार्ता

शाळेतून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली आणि माझ्या किडन्यांनी काम सोडलं. सोमवार आणि गुरुवार, सोलापुरातल्या एका दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. चार तास डावा हात पसरून निजायचं, हातात दोन जाड सुया, आणि आपलंच रक्त नळीतून मशीनकडे जाताना पाहायचं. माझ्या शेजारच्या खाटेवर सांगोल्याकडचे एक मेंढपाळ असत. वय सत्तरीचं, उंच, मोठ्या हाडांचे. त्यांचा मुलगा त्यांना घेऊन यायचा आणि बाहेर बाकावर बसून राहायचा. मी त्यांना मामा म्हणे, ते मला बाई म्हणत.

सुई टोचण्याआधी मी डोळे मिटून प्रार्थना करायची. एका गुरुवारी ते म्हणाले, "बाई, रोज काय पुटपुटता वो तुमी?"

"प्रार्थना करते, मामा. येशू ख्रिस्ताची."

"बरं वाटतं का त्यानं?"

"वाटतं," मी म्हणाले. सुयांमुळे कूस बदलता येत नव्हती, म्हणून तोंडच फिरवलं.

खरं तर मला बोलायचं नव्हतं. मी जन्माची ख्रिस्ती. वीसेक वर्षं दर रविवारी मुलांना शास्त्रातल्या गोष्टी शिकवल्या, पण चर्चच्या फाटकाबाहेर कुणाला अक्षर सांगितलं नाही. लोक काय म्हणतील, बाटवते म्हणतील, ही भीती. शाळेत नाताळला सगळ्यांना केक आणि करंज्या वाटायच्या, की झालं. माझ्याच शाळेतली एक शिक्षिका, माझी जवळची मैत्रीण, शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणाली होती, "मेल्यावर काय होईल याची तुला भीती नाही वाटत का गं?" मी म्हणाले, "असं बोलू नकोस, तू बरी होशील." आठ दिवसांत ती गेली. मला उत्तर माहीत होतं आणि मी ते दिलं नव्हतं.

मामा मात्र थोडं थोडं बोलू लागले. त्यांचा धाकटा भाऊ होता. दोघांची मेंढरं एकत्र, बोअर एक. एका दुष्काळी साली पाण्यावरून भांडण झालं आणि मामांनी बोअरच्या वाटेवर काटेरी कुंपण घालून भावाची वाट बंद केली. भाऊ आपली मेंढरं घेऊन लांब उसाच्या मुलखात गेला. तिथं तापानं आजारी पडला आणि गेला. त्याला गावी आणलं.

"चार जनांनी उचलला," मामा छताकडे पाहत म्हणाले. "मी घरात बसून ऐकत हुतो. गेलो न्हाय. आडमुठेपना, बाई. आता म्या कुनाची माफी मागू? तो तर न्हाय."

त्यांनी नंतर उपास केले होते, नवस बोलले होते, गावात जेवण घातलं होतं. "सगळं केलं. पन हितलं जात न्हाय," म्हणत त्यांनी मोकळा हात छातीवर ठेवला. "तुमच्या देवाकडं हाय का काय उपाय? काय करावं लागतं?"

मैत्रिणीचा हात मला आठवला. या वेळी मी बोलले.

मी त्यांना येशूसोबत वधस्तंभावर खिळलेल्या चोराची गोष्ट सांगितली. आयुष्यभर वाईट केलेला माणूस. हातपाय खिळलेले, शेवटचे काही तास उरलेले. ज्यांना लुबाडलं त्यांच्याकडे जाणं आता शक्य नाही. त्यानं फक्त येशूकडे पाहून म्हटलं, माझी आठवण ठेव. आणि येशूनं त्याला त्याच दिवशी आपल्यासोबत स्वर्गात नेण्याचं वचन दिलं.

"आनि त्येनं काय दिलं?"

"काही नाही. द्यायला होतं काय त्याच्यापाशी? त्याची शिक्षा शेजारच्या वधस्तंभावर येशू भोगत होता. चोरानं विश्वास ठेवला, एवढंच."

मामांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "असं फुकट कोन देतं का, बाई?"

"आपण नाही देत, मामा. तो देतो."

हे म्हणताना मलाच हलल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी चर्चला जाणं, शिकवणं, गाणं हेच देवापुढे धरत आले होते. आजारी पडल्यापासून मनात हिशेब चालायचा, एवढं पुरेल का? त्या दिवशी मामांना सांगता सांगता मी ते पहिल्यांदा ऐकलं. मलाही फुकटच मिळणार होतं.

पुढच्या सोमवारी त्यांनी मला प्रार्थना करायला सांगितली. मी म्हणाले, "तुमच्या शब्दांत तुम्हीच बोला." ते डोळे मिटून म्हणाले, "येशूबाबा, म्या भावाची वाट आडवली. मला माफ कर. मला तुज्यापाशी घे." त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पुसायला सिस्टर आली. त्यांचा सुया टोचलेला हात हलू देऊन चालणार नव्हतं.

त्या आठवड्यात ते भावजयीच्या दारी गेले. तिनं दार उघडलं नाही. ते दुपारपर्यंत उंबऱ्याशी बसून राहिले. शेवटी ती बाहेर आली आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला. "बोलली न्हाय," ते मला म्हणाले, "पन पानी दिलं."

मुलाच्या कानावर हे गेलं. तो आत येऊन मला म्हणाला, "बाई, आमच्या म्हाताऱ्याला तुमी काय शिकवताय? आमी आमचं सोडनार न्हाय."

मी काही बोलण्याआधीच मामा म्हणाले, "मला कुनी काय सोडाय लावलं न्हाय. मीच इचारलं, मीच मागितलं. बाईवर आवाज चढवू नगंस."

तो पुन्हा बाकावर जाऊन बसला. त्यानं पुढं काही महिने माझ्याशी शब्द काढला नाही, आणि मला त्याचा राग आला नाही.

थंडी सरता सरता मामा गेले. फोन मुलानंच केला. त्यांचे विधी त्यांच्या घरच्या रीतीनं झाले. आमच्या चर्चमधल्या एका बाईंनी मला विचारलं, "बाप्तिस्मा कुठं झाला होता त्यांचा? मग त्यांचं तारण झालं असं कसं म्हणायचं?" मी म्हटलं, "त्यांनी मागितलं ते मी ऐकलं. देणारा मी नाही."

दोन दिवसांनी, डायलिसिस नसलेल्या दिवशी, मी एसटीनं त्यांच्या गावी गेले. मुलानं मला पाहिलं, क्षणभर थांबला आणि बायकांत बसायला सतरंजी दाखवली. माझ्याशेजारी डोक्यावर पदर घेतलेली एक बाई सरकून आली. मामांची भावजय. ती हलक्या आवाजात म्हणाली, "थोरलं लई ताठ हुते वो. त्येंनी आमच्या दारात बसून माफी मागितली. त्येंला एवढं कुटनं आलं, तुमाला ठावं हाय म्हनत्यात."

अंगणात माणसं ये-जा करत होती. मी तिचा हात हातात घेतला आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला लागले.