अळी खाते वरचं

"पावडर टाकलीच नाहीत तुम्ही," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या हातातल्या पळीत दहा-बारा अळ्या होत्या. अ‍ॅनॉफिलिसच्या, म्हणजे मलेरियाच्या डासाच्या.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. कुंभकोणमला मी मलेरिया इन्स्पेक्टर होतो, डॉक्टर माझे साहेब. जवळच्या तिरुभुवनम्‌ गावच्या विणकरांच्या गल्लीत ताप हटत नव्हता. मागच्या तळ्यात रेशमाच्या लडी धुवायचे, आणि डासही तिथेच वाढायचे. पाण्यावर तेल ओतलं की अळी गुदमरते, पण रेशमाला डाग पडतात. ते पाणी कोणी पीत नसे, म्हणून आम्ही बारीक धुळीत विषारी हिरवी पावडर मिसळून भुरभुरत होतो. अळीने ती खायची आणि मरायचं.

"चार दिवस देतो. नाहीतर तेल," डॉक्टर म्हणाले.

लडी धुणारी शेल्लम्माळ तिथेच उभी होती. तिची सून सात महिन्यांची गरोदर, दोनदा तापाने पडलेली. "तेल ओतलंत तर चूल बंद. नाही ओतलंत तर सून जाईल," ती म्हणाली.

राग मी नटेशनवर काढला. तो आमचा इन्सेक्ट कलेक्टर, म्हणजे डास-अळ्या पकडून आणणारा माणूस. शिक्षण पाचवी. "कामचुकारपणा केलास," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या टेबलावर पांढऱ्या इनॅमलच्या दोन थाळ्या मांडल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत तळ्याचं. दोन्हींत अळ्या सोडून चिमूटभर पावडर टाकली.

"सार, हिचं डोकं बघा."

विहिरीच्या पाण्यात अळी आडवी तरंगत होती. तिने मान पूर्ण उलटी फिरवली आणि तोंडाजवळच्या केसांनी वरचा थर झाडल्यासारखा ओढून खाल्ला. वीस वर्षं मी अळ्या मोजल्या होत्या, जेवताना एकही पाहिली नव्हती. तळ्याच्या पाण्यात मात्र पावडर बघता बघता बुडाली.

"रेशीम साबणात उकळतात सार. साबणाच्या पाण्यावर धूळ टिकत नाही. ही खाते वरचं, आपण वाढतोय तळाला."

"मग?"

"उद्या अमावस्या. माग बंद, धुणं बंद. तळ्यात कालव्याचं पाणी येतं, त्याने साबण वाहून जाईल. परवा उजाडताच टाकू, आणि त्या दिवशीही धुणं नको."

शेल्लम्माळने गल्लीला तो जास्तीचा दिवस कबूल करायला लावला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः पळी बुडवली. एकही अ‍ॅनॉफिलिस निघाली नाही. पुढे दर अमावस्येनंतर आम्ही हेच केलं. सुनेला पुन्हा ताप आला नाही, मुलगी झाली.

नटेशनची मी माफी मागितली, सगळ्या स्टाफसमोर. तो लाजला आणि थाळ्या धुवायला गेला.

कोणाला विष घालायचं तर आधी तो जेवतो कसा ते बघावं. आणि आपल्या माणसाला कामचुकार म्हणण्याआधी पाणी तपासावं.