खोपटच्या अंगणातलं खळं

१९५२ साली दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी आठ वाजता ठाण्यात खोपटला दत्तोपंत कर्णिकांच्या अंगणातला कोबा आम्ही फोडला. तो मीच घालून दिला होता. तयार होऊन बारा दिवस झाले होते.

मी तेव्हा ठाण्यात एका कंत्राटदाराकडे ओव्हरसियर होतो. कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि चुना ठोकून ठोकून केलेली टणक जमीन. सिमेंट परमिटवर मिळत असे, म्हणून घरगुती कामाला चुनाच. काम चोख होतं. पाणसळ ठेवली तर बुडबुडा मधून हलत नव्हता.

दत्तोपंत कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले होते. त्यांची मुलगी कुसुम कॉलेजात हॉकी खेळायची, सेंटर फॉरवर्ड. प्रांताच्या मुलींच्या संघाची ट्रायल तीन आठवड्यांवर आली होती आणि तिचं कॉलेजातलं ते शेवटचं वर्ष होतं. मैदानावर संध्याकाळी पुरुषांचे संघ असत. म्हणून सराव घरी. दत्तोपंत तिरक्या फळीवरून चेंडू सोडायचे आणि तो न थांबवता कुसुम समोरच्या भिंतीवर टांगलेल्या गोणपाटावर मारायची. पावसाने उखडलेल्या अंगणात चेंडू वाकडा जाई, म्हणून कोबा.

आदल्या दिवशी, रविवारी, ती मैदानावर मॅच खेळली. गोलासमोर पाच वेळा पास आला. पाचही वेळा चुकला.

"चेंडू पोचायच्या आधीच माझी स्टिक फिरून जाते," तिने दुपारी अंगणात मला सांगितलं. "इथे तो घसरत येतो. तिथे रखडतो."

तिने स्टिक दाखवली. कोब्यावर घासून खालचं लाकूड पिंजलं होतं.

मी ती फळी आणि चेंडू घेऊन मैदानावर गेलो. फळीखाली चार विटा ठेवून चेंडू सोडला. मुरमावर तो अकरा पावलं गेला. कोब्यावर चौदा पावलांचं अंगण संपवून भिंतीवर आपटला. काम घेताना मी अंगण मोजलं होतं. मैदान पाहिलं नव्हतं.

"फुटला नाही, फुगला नाही, मग फोडायचा कशाला?" दत्तोपंतांनी विचारलं.

"अण्णा, कोबा चांगलाच आहे," कुसुम म्हणाली. "पण ट्रायल कोब्यावर नाही."

त्याच्या जागी काय घालायचं हे मला ठरवता येत नव्हतं. मुरूम दाबायला रोलर लागतो आणि बोळातून रोलर आत येत नव्हता. कोबा ठोकणाऱ्या बायकांची मुकादम बारकूबाई जवळच्या बाळकुम गावच्या. फोडकाम थांबवून त्या चेंडूकडे बघत होत्या.

"सायेब, चेंडू थांबाला पायजे का पलाला पायजे?"

"पळायला हवा. पण जरा अडून."

"मंग खलं करा. आमी आताच केलंय, भात झोराला."

खळं म्हणजे भात झोडण्यासाठी चोपून, सारवून केलेली जमीन. मी कंत्राटदारांना सांगायला गेलो.

"घातलेला कोबा फोडलात? कोणाच्या हुकमाने?"

"माझ्या."

"आणि आता खळं. बुकात काय लिहू, भातझोडणी?"

"जमीन दुरुस्ती लिहा."

बारकूबाईंनी शेतातली माती आणवली, रात्रभर भिजवली, सकाळी तुडवली. मग चोपण्याने, म्हणजे लाकडी थापीने, दोन दिवस सकाळ-संध्याकाळ चोपली. तिसऱ्या दिवशी भेगा पडल्या. मी हातरोलर आणू का म्हणून विचारलं.

"रोलर फिरवलास त पापुद्रा उठंल. बस तू."

त्यांनी भेगांत भाताचं तूस घातलेली माती भरली आणि पुन्हा चोपलं. टाच दाबून बघायच्या. टाच उमटली की तेवढीच जागा परत चोपायच्या. पाणसळ माझ्या पिशवीत राहिली. शनिवारी पातळ शेणाने सारवलं. रविवारी मी फळीवरून चेंडू सोडला. नऊ पावलं. बारकूबाईंनी पाणी शिंपडून आणखी एकदा चोपलं. सोमवारी चेंडू अकरा पावलांवर थांबला. मी तीनदा सोडून पाहिला. मातीचं इतकं अचूक काम मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यानंतर कुसुम रोज पहाटे कॉलेजला जाण्यापूर्वी शंभर फटके मारत असे. उभं राहण्याची जागा उकरली जाई. तेवढी जागा दर रविवारी ती स्वतः सारवायची. पहिल्या रविवारी बारकूबाई शिकवायला आल्या.

"हात असा नको ओढू, पोरी. वाटोला फिरव. दांडकं धरून धरून मनगट लाकूड जालंय तुजा."

"तेच तर तिथे कामाला येतं, बाई."

"इथं नाय येत."

कुसुम हसली आणि हात वाटोळा फिरवू लागली.

ट्रायलला मी आणि दत्तोपंत गेलो. गोलासमोर तिला सहा पास मिळाले. चार तिने न थांबवता मारले. दोन गोलात गेले, एक गोलकीपरच्या पॅडवर लागला, एक बाहेर गेला. यादी शुक्रवारी लागली. अकराजणींत तिचं नाव होतं.

शनिवारी साइटवर मी बारकूबाईंना ते सांगितलं.

"मंग पोरीला अजून खेलाचं हाय," त्या म्हणाल्या. "माती लागल."

रविवारी सकाळी त्या दोन पाट्या माती घेऊन खोपटला गेल्या.