पियानोमागची घुंघुं

शेजारच्या मार्थाबाईंच्या दिवंगत पतीचे वादन त्यांच्या विजेवर आपोआप वाजणाऱ्या पियानोत साठवलेले आहे. काल संध्याकाळी सदर पियानोच्या पट्ट्या आपसूक दबताना मी पाहिल्या. परंतु स्पीकरमधील घुंघुं आवाजात सूर बुडाले होते. इमारतीचे अर्थिंगच गेले आहे, असे सांगून वायरमनने हात टेकले.

अर्ज लिहिण्यात हयात घालवलेला मी म्हणालो, "बाई, वीज कार्यालयास कडक अर्ज ठोकतो."

"ठोका. मागच्या अर्जाचं उत्तर आलं का, भाऊ?"

इतक्यात वीज गेली. घुंघुं थांबली आणि पट्ट्याही थांबल्या. मनुष्याने मागितलेली शांतता त्यास अखेर मिळते. परंतु ज्याच्यासाठी मागितली, तोच तीत उरत नाही.

अंधारात बाई म्हणाल्या, "घुंघुं असू दे, भाऊ. वीज तेवढी येऊ दे."